लंकेचा घाटमाथा, लंकेची बारामती: मे महिन्यातल्या सहलीची आखणी

कोथरूडच्या एका ताईंनी विचारलं आहे: "घरची सहा माणसं. आम्ही दोघं, सातवीतली मुलगी, चौथीतला मुलगा आणि सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे. मे महिन्यात आठ दिवस मिळतात. मुलांना समुद्र हवा आहे, ह्यांना प्राचीन अवशेष बघायचे आहेत. ग्रीस परवडणार नाही. श्रीलंकेचा विचार होता, पण मेमध्ये तिथे पाऊस असतो असं ऐकलं आणि सगळं थांबलं. शिवाय सासू-सासरे शाकाहारी. जावं की नाही?"

ताई, जा. मी गेली बावीस वर्षं पुण्यातून लोकांच्या सहली आखून देतो आहे, त्यात लंकेच्या सगळ्यात जास्त. तुमच्या घरासारख्या घराला, म्हणजे तीन पिढ्या आणि दोन आवडी, याहून चांगला देश मला माहीत नाही. मुंबईहून विमान अडीच-तीन तासांचं. घड्याळ बदलायला नको, त्यांची वेळ आणि आपली वेळ एकच. गाड्याही आपल्यासारख्याच डावीकडून.

पावसाचं तुम्ही ऐकलंत ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं कळलं की सहल आपोआप आखली जाते, म्हणून ते आधी सांगतो.

लोणावळ्याला वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि बारामतीला जेमतेम पाचशे. ढग तेच, वारा तोच. मधे सह्याद्री उभा आहे म्हणून एवढा फरक. श्रीलंकेतही नेमकं हेच आहे. बेटाच्या मधोमध, जरा दक्षिणेकडे, डोंगर आहेत. सगळ्यात उंच शिखर अडीच हजार मीटरच्या वर जातं. जे नैऋत्य मोसमी वारे जूनमध्ये आपल्याकडे येतात, ते मेच्या उत्तरार्धात लंकेच्या नैऋत्य किनाऱ्यावर धडकतात. कोलंबो, बेंटोटा, हिक्काडुवा, गॉल, मिरिसा हा सगळा पट्टा त्यांचा घाटमाथा. डोंगर ओलांडून वारा ईशान्येला उतरतो तेव्हा कोरडा झालेला असतो. त्रिंकोमाली, निलावेली, पासिकुडा ही त्यांची बारामती, फक्त हिला समुद्रकिनारा आहे. मे ते सप्टेंबर तिकडचा समुद्र शांत, निळा, पोहता येईल असा असतो. डिसेंबर ते मार्च चित्र उलटतं. ईशान्येकडून वारे येतात, पूर्व किनारा खवळतो आणि दक्षिण किनारा आरशासारखा होतो.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. धंद्यात नवा होतो तेव्हा एका कुटुंबाला जूनमध्ये बेंटोट्याला पाठवलं. हॉटेल सुंदर होतं, दर स्वस्त होता. तो स्वस्त का आहे, हे मी विचारलं नाही. पाच दिवस किनाऱ्यावर लाल झेंडा लागलेला होता. दोन लहान मुलांनी पाचही दिवस गॅलरीतून समुद्र पाहिला. परत आल्यावर ती माणसं मला एका शब्दानेही बोलली नाहीत, आणि ते मला अजून लागतं. त्या दिवसापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी महिना, मग किनारा, मग बाकी सगळं.

आता अवशेषांचं. तुमच्या यजमानांना जे बघायचं आहे, म्हणजे अनुराधापूर, पोलोन्नरुवा, सिगिरिया, दंबुल्ला, ते सगळं याच कोरड्या बाजूला आहे, आणि ते उगीच नाही. वर्षातले काही महिने पाऊस, बाकी महिने कोरडं, अशा मुलखात राज्य चालवायचं तर पाणी अडवावंच लागतं. लंकेच्या राजांनी दीड हजार वर्षं तेच केलं. तळी बांधली, तळ्यांवर शेती उभी राहिली, शेतीवर नगरं, नगरांत स्तूप. तिथे तळ्याला 'वेवा' म्हणतात आणि नकाशावर दर दोन बोटांवर एक वेवा सापडते. म्हणून मेमध्ये तुमचा समुद्र आणि तुमचे अवशेष एकाच बाजूला येतात. सिगिरियाहून त्रिंकोमाली शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. अख्ख्या बेटाला वळसा घालायची काही गरज नाही.

वळसा घालू नका, हे मी जोर देऊन सांगतो. आठ दिवसांत कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, याला, गॉल असं सगळं दाखवणारा कार्यक्रम तुम्हाला कुणीतरी देईलच. द्रुतगती मार्ग सोडले तर तिथे गाडी तासाला चाळीस किलोमीटरच्या पुढे फारशी जात नाही. सासऱ्यांच्या वाट्याला रोज पाच तास गाडी येईल आणि मुलांच्या लक्षात राहील ती उलटीची पिशवी. एल्ला, गॉल पुढच्या खेपेला. फेब्रुवारीत जा, तेव्हा तो किनारा खऱ्या अर्थाने बघायला मिळेल.

तुमच्यासाठी मी असं आखेन. सकाळी पोचणारं विमान घ्या. विमानतळ कोलंबोत नाही, कोलंबोच्या उत्तरेला काटुनायकेला आहे, तेव्हा शहरात शिरूच नका. तिथून थेट सिगिरिया-हबरना भागात, साधारण चार तास. तीन रात्री तिथे एकाच मुक्कामी. मग निलावेलीला तीन रात्री. शेवटची रात्र विमानतळाजवळ नेगोंबोला, कारण त्रिंकोमालीहून परतीचा रस्ता सहा तासांचा आहे आणि त्याच दिवशी विमान गाठायची धावपळ आजी-आजोबांना नको. बॅगा तीनदाच उघडायच्या.

सिगिरियाला, म्हणजे खडकावरच्या जुन्या राजवाड्याला, पहाटे जा. दार उघडतं तेव्हा तुम्ही दारात हव्यात. नऊनंतर दगड तापतो, मेमध्ये पारा तेहतीस-चौतीसला असतो आणि दमटपणामुळे तो चाळीससारखा लागतो. पायऱ्या सुमारे बाराशे. पर्वतीच्या शंभरेक आहेत, म्हणजे हिशेब तुम्हीच करा. आतापासून दर रविवारी मुलांना घेऊन पर्वती दोन-तीनदा चढा-उतरा, तिथे गेल्यावर त्याचा उपयोग कळेल. सासू-सासऱ्यांनी वर जायचा हट्ट धरू नये. पायथ्याची जलउद्यानंच तास-दीड तास रमावं अशी आहेत, रस्ता सपाट आहे आणि जवळच चांगलं संग्रहालय आहे. शेजारच्या पिदुरंगला टेकडीवरून सिगिरियाचा फोटो छान येतो म्हणून कुणी सुचवेल. शेवटच्या टप्प्यात तिथे मोठमोठ्या धोंड्यांवरून हातापायांनी चढावं लागतं. चौथीतल्या मुलाला घेऊन मी जाणार नाही.

वर चढण्याआधी मुलांना गोष्ट सांगा, नाहीतर तो नुसता एक खडक राहतो. पाचव्या शतकात धातुसेन नावाचा राजा होता. त्याने कालवेवा नावाचं प्रचंड तळं बांधलं आणि तिथून अनुराधापूरपर्यंत ८७ किलोमीटरचा कालवा काढला. त्या कालव्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात उतार किलोमीटरला अवघा दहा सेंटिमीटर आहे. आजच्या इंजिनिअरला विचारा हे किती अवघड आहे ते. त्याचा मुलगा कश्यप याने बापाला कैद केलं आणि खजिना कुठे आहे सांग म्हणाला. राजा त्याच्या माणसांना कालवेवावर घेऊन गेला, पाण्यात उतरला, ओंजळ भरली आणि हीच माझी सगळी संपत्ती, असं म्हणाला. चूलवंश या लंकेच्या जुन्या बखरीत ही कथा आहे. कश्यपाने त्याला भिंतीत चिणून मारलं, आणि भाऊ मोग्गल्लान सूड घ्यायला येईल या भीतीने या दोनशे मीटर उंच खडकावर राजवाडा बांधला. भाऊ भारतात पळून गेला होता. तो अठरा वर्षांनी, ४९५ साली, सैन्य घेऊन आला, आणि कश्यप संपला. ही गोष्ट ऐकलेली मुलं सिंहाच्या त्या दोन अवाढव्य पंजांमधून वर जाताना गप्प होतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आणि खाली बागेत एक चुनखडीची फरशी दाखवा, तिच्यात छोटी छोटी भोकं आहेत. ते पंधराशे वर्षांपूर्वीचं कारंजं. ना पंप, ना वीज, फक्त उंचावरच्या पाण्याचा दाब. जोराचा पाऊस झाला की ते आजही उडतं. बापाने कालवा बांधला, मुलाने कारंजं, आणि दोघांकडे विद्या एकच होती, हे मला दर वेळी तिथे उभं राहिल्यावर जाणवतं.

खडकाच्या मध्यावर जी चित्रं आहेत ती साधारण अजिंठ्याच्या वाकाटक काळातल्या चित्रांच्या समकालीन. फोटो काढायला सक्त मनाई आहे, तेव्हा मोबाइल खिशात ठेवून डोळ्यांनी बघा. शेजारच्या आरसेभिंतीवर आठव्या ते दहाव्या शतकात आलेल्या प्रवाशांनी चित्रांतल्या बायकांवर कविता कोरून ठेवल्या आहेत. वर जाताना आवाज करू नका अशा पाट्या दिसतील, त्या गांधीलमाश्यांच्या पोळ्यांसाठी आहेत. त्या खरोखर पाळा.

दुसरं नगर एकच निवडा. अनुराधापूर आणि पोलोन्नरुवा दोन्ही करता येतात, पण मेच्या उन्हात लागोपाठ दोन दिवस विटा-दगड बघितले की मुलं पुढच्या पिढीतही अवशेषांकडे फिरकणार नाहीत. तुमच्या घरासाठी पोलोन्नरुवा. ते आटोपशीर आहे, झाडी आहे, गाडीने टप्प्याटप्प्याने फिरता येतं, मुलांना सायकली भाड्याने मिळतात. चोळांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस अनुराधापूर घेतलं आणि राजधानी इथे आणली, त्यांचं दगडी शिवमंदिर अजून उभं आहे आणि तिथे दिवा लागतो. पुढे पराक्रमबाहूने (११५३ ते ११८६) इथे जे तळं वाढवलं त्याला लोक तळं म्हणत नाहीत, समुद्र म्हणतात: पराक्रम समुद्र. संध्याकाळी त्याच्या बांधावर बसा. सासूबाईंना चालायला सपाट रस्ता आहे आणि वारा असतो.

गल विहारात थोडं जास्त थांबा. एका अखंड खडकात बुद्धाच्या मूर्ती कोरल्या आहेत, त्यातली आडवी मूर्ती सुमारे चौदा मीटर लांब आहे. बहुतेक जण समोर उभे राहून फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही डोक्याकडे जा. उशी बघा. डोक्याच्या भाराने उशी दबली आहे, तो खळगा शिल्पकाराने ग्रॅनाइटसारख्या कठीण दगडात कोरला आहे. मग पायांकडे जा. वरचं पाऊल खालच्या पावलाच्या किंचित मागे सरकलेलं आहे. झोपलेल्या माणसाची पावलं जुळलेली असतात, इथे ती नाहीत, म्हणजे ही झोप नाही, परिनिर्वाण आहे. बावीस वर्षांत मी कितीतरी वेळा तिथे गेलो असेन, त्या दोन बोटांच्या फरकापाशी दर वेळी थांबतो.

मुलांना एक खेळही द्या. देवळांच्या पायरीशी अर्धवर्तुळाकार कोरीव दगड असतात, त्यांना चंद्रशिला म्हणतात. अनुराधापूरच्या चंद्रशिलांवर हत्ती, घोडा, सिंह आणि बैल असे चार प्राणी आहेत. पोलोन्नरुवाच्या वटदागेपाशी, म्हणजे स्तूपाभोवती बांधलेल्या गोल देवळापाशी, बैल शोधायला सांगा. सापडणार नाही. नंदीवर पाय पडू नये म्हणून, चोळांच्या हिंदू प्रभावानंतर तो काढला, असं अभ्यासक मानतात.

सासू-सासऱ्यांच्या मनात मात्र अनुराधापूर असेल तर ते टाळू नका. सम्राट अशोकाची मुलगी संघमित्ता हिने आणलेल्या फांदीचा बोधिवृक्ष इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकापासून तिथे आहे, आणि लावल्याची नोंद असलेला जगातला सर्वांत जुना वृक्ष म्हणून तो ओळखला जातो. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष याच झाडाचा वंशज. अनुराधापूरचा जेतवनाराम स्तूप एके काळी १२२ मीटर उंच होता. त्या काळी गिझाचे दोन पिरॅमिड सोडले तर माणसाने बांधलेलं त्याहून उंच काही नव्हतं. पण जायचं तर पोलोन्नरुवा वगळून, आणि पौर्णिमा टाळून. दर पौर्णिमेला तिथे 'पोया'ची सार्वजनिक सुट्टी असते. तीर्थक्षेत्री मुंगी शिरायला जागा नसते. तारखा ठरवताना पंचांग जवळ ठेवा. मेमधली बुद्धपौर्णिमा म्हणजे त्यांचा वेसाक, सगळ्यात मोठा सण. त्या रात्री कंदिलांची रोषणाई बघण्यासारखी असते, फक्त खोल्या फार आधी भरतात. आणि एप्रिलमध्ये निघायचं मनात आलं तर १३-१४ तारखेच्या आसपास नको. त्यांचं नवीन वर्ष असतं, ड्रायव्हर गावी जातात, दुकानं बंद.

पाय भाजण्याचं सांगायचं राहिलंच. स्तूप, मंदिरं, वटदागे, सगळीकडे पादत्राणं आणि टोपी काढावी लागते, आणि दुपारी ती दगडी फरशी तव्यासारखी असते. प्रत्येकाच्या पिशवीत जाड सुती मोजे हवेत. मोजे चालतात. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका. तिथल्या माणसांना ते मनापासून लागतं, आणि तुम्हाला ताबडतोब टोकतील.

समुद्राबद्दल आता. पुण्याची मुलं पोहायला शिकतात ती टाकीत, आणि टाकीला प्रवाह नसतो. निलावेलीचा किनारा मेमध्ये शांत असतो, तरी हॉटेलवाल्याला रोज सकाळी विचारून मगच उतरा. कधी पाणी आत ओढायला लागलं तर किनाऱ्याकडे थेट पोहायचा प्रयत्न करायचा नाही, किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत ओढीच्या बाहेर पडायचं. हे मुलीला पुण्यातच नीट समजावून सांगा. मुलगा अजून पक्का पोहत नसेल तर निलावेलीऐवजी पासिकुडा घ्या. तिथे किनाऱ्यापासून बरंच आत गेलं तरी पाणी कमरेएवढं राहतं, सिगिरियाहून अंतरही फार वाढत नाही. पण मग त्रिंकोमाली हातचं जातं, आणि मला ते जड जातं.

कारण त्रिंकोमालीत कोनेश्वर आहे. समुद्रात घुसलेल्या उंच कड्यावरचं शिवाचं ठाणं. जुनं भव्य मंदिर पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात पाडलं आणि त्याचे दगड किल्ल्याला वापरले. काही खांब, दगड कड्यावरून समुद्रात गेले, ते विसाव्या शतकात बुडी मारणाऱ्यांना तळाशी सापडले. तुमच्या यजमानांना अवशेष, मुलांना कड्याखालचा निळा समुद्र आणि सासूबाईंना संध्याकाळची आरती, सगळं एकाच जागी. निलावेलीसमोर होडीने थोड्याच अंतरावर पिजन आयलंड आहे. तोंडाला चष्मा लावून पाण्यावर तरंगलं तरी प्रवाळ आणि रंगीत मासे दिसतात. सकाळी लवकर जा. प्रवाळावर पाय टेकू देऊ नका, तो दगड नाही, जिवंत आहे. पाठीला ऊन लागतं ते कळतही नाही, म्हणून मुलांना पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे घाला.

जेवणाची काळजी निम्म्याने कमी करा. भात आणि चार-पाच भाज्या हेच त्यांचं रोजचं ताट. परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातली मसूर डाळ. कोवळ्या फणसाची भाजी मिळते. इंदिआप्पा म्हणजे आपल्या कोकणातल्या शिरवाळ्याच, सासूबाईंना घरचं वाटेल. म्हशीच्या घट्ट दह्यावर कितुल नावाच्या माडाचा काकवीसारखा पाक घालून देतात, ते चुकवू नका. एकच सापळा आहे: खोबऱ्याच्या चटणीत, म्हणजे पोल सांबोलमध्ये, आणि बऱ्याच भाज्यांतही सुक्या माशाचा चुरा घालतात. त्याला 'उंबलकड' म्हणतात. नुसतं व्हेज सांगून भागत नाही, कारण तो चुरा त्यांच्या लेखी मसाला आहे. 'उंबलकड नको' असं नाव घेऊन सांगा.

सहा जणांना मोठी व्हॅन आणि एकच ड्रायव्हर आठही दिवस घ्या. ड्रायव्हरच्या राहण्या-जेवणाची सोय हॉटेलात आहे का, हे बुकिंगच्या वेळी विचारा. तो रात्री नीट झोपला तर तुमचा प्रवास सुरक्षित. मोठ्या स्थळांची तिकिटं परदेशी पाहुण्यांना महाग असतात, पण सार्क देशांच्या नागरिकांना सवलतीचा दर आहे. त्यासाठी पासपोर्ट खिडकीवर दाखवावा लागतो, हॉटेलच्या तिजोरीत ठेवून जाऊ नका. डासांसाठी मलम न्या. २०१६ मध्ये देश मलेरियामुक्त जाहीर झाला, पण डेंग्यू आहे.

तारखा मेच्या ऐवजी दिवाळीत सरकल्या तर मला आधी कळवा, कारण मग लंका नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बेटाच्या दोन्ही बाजूंना पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरात वादळं होतात. त्या दिवसांत मी इजिप्त सुचवेन: लक्झरची मंदिरं आणि चार तासांवर तांबड्या समुद्राचा हुरगाडा. मेमध्ये तेच लक्झर चाळीसच्या वर तापतं.

प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी निघण्याआधी ऑनलाइन काढून ठेवा. ती श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा, तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या साइट जास्तीचे पैसे घेतात. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. मोठ्यांचे दहा वर्षांचे असतात म्हणून आपण निर्धास्त असतो, मुलांचे पाचच वर्षांचे असतात. मुलाचा पासपोर्ट कधी काढला होता, ते आज रात्रीच कपाटातून काढून बघा.